गोठ्यावर कामाला लागताय? पहिल्या दिवसापासून व्यायच्या रात्रीपर्यंत

"गोठ्यासाठी गडी पाहिजे. धार काढता आली पाहिजे. राहायची सोय आहे." आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर अशी जाहिरात अधूनमधून येतच असते. धार काढायला माणूस पंधरा दिवसांत शिकतो, मशीन असेल तर दोन दिवसांत. पण वीस जनावरांतलं कुठलं आज कालच्यासारखं नाही, हे दिवस वर यायच्या आत ओळखणं हे खरं काम, आणि ते जाहिरातीत कधीच नसतं. मालक दिवसातून दोन चकरा मारतो, डॉक्टर बोलावल्यावर येतो. चोवीस तास दावणीजवळ असता ते तुम्ही.

मी फलटण भागातल्या एका गोठ्यावर नऊ वर्षं काढली. वीस-बावीस गाई आणि चार म्हशी. गाई सगळ्या संकरित होल्स्टिन, पण गावात त्यांना सरसकट 'जर्सी'च म्हणतात. पुढचं सगळं त्या मापाचा गोठा डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. खिल्लार किंवा डांगी जनावरं सांभाळणाऱ्याला यातलं काही वेगळं वाटेल, आणि त्याचं बरोबरही असेल.

हो म्हणण्याआधी

पगाराचा आकडा सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा: दुभती किती, भाकड किती, वासरं किती? कुट्टी कोण करणार? वैरण कापून आणायची की आणून मिळणार? शेण काढायला दुसरं कुणी आहे का? "वीस गाई" म्हणजे कधी वीस शेपट्या असतात, तर कधी वीस दुभत्या आणि वर पंधरा वासरं. दोन्ही कामांत दुपटीचा फरक आहे.

पुष्कळ ठिकाणी 'जोडी पाहिजे' असं सांगतात, म्हणजे नवरा-बायको. पगार मात्र एकाच नावाने ठरतो आणि बाईचं शेण-झाडलोट-वासरं हे काम त्यात गुपचूप धरलेलं असतं. दोघांचा आकडा वेगळा बोलून घ्या. उचल घेतली तर तारीख आणि रक्कम वहीत लिहून दोघांच्या सह्या करा. वही मालकाकडे राहणार असेल तर पानाचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवा. मालक चांगला असेल तर त्याला राग येत नाही, आणि राग आला तर ते आधीच कळलेलं बरं.

गाय धार काढताना दिवाळी-पाडवा बघत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी बदली कोण हेही पहिल्याच दिवशी ठरवा. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचा. कुट्टी मशीनशेजारी रोज उभं राहणाऱ्याने तो काढलेला असावाच.

पहिले आठ दिवस: हात कमी, डोळे जास्त

नवा गडी पहिल्या दिवशी फार राबून दाखवतो. त्यापेक्षा एक वही घ्या आणि प्रत्येक जनावराचं एक पान करा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडे असतात, ते उतरवून घ्या. सरकारी लसीकरणाची आणि रेतनाची नोंद त्याच नंबरावर होते. मग लिहा: कितव्या वेताची, कधी व्याली, कधी भरवली (रेतन केलं), दूध किती, कुठला सड बारीक, लाथ मारते का, कुणाशेजारी बांधली की शिंगं लावते.

याच आठ दिवसांत जनावरांना तुमचा आवाज आणि वास ओळखीचा होतो. मागून गुपचूप जाऊ नका. गाईला समोरचं आणि बाजूचं दिसतं, थेट पाठीमागचं दिसत नाही. तिथून अचानक हात पडला की ती दचकते, आणि दचकली की लाथ. गाईची लाथ घोड्यासारखी फक्त सरळ मागे जात नाही, पुढे येऊन बाजूलाही फिरते. म्हणून लांबूनच "हो बाई, हो" करत जायचं, पुठ्ठ्यावर तळहात ठेवायचा आणि मग पुढे सरकायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. मी नाट्यगीतं म्हणायचो, गाईंनी कधी तक्रार केली नाही.

वळूच्या बाबतीत मात्र लाड नाहीत. अंगावर हात फिरवू देणारा, वासरापासून वाढवलेला वळूच जास्त घातक, कारण माणूस त्याच्याकडे पाठ फिरवतो. वेसण हातात असल्याशिवाय आणि पळायची वाट मोकळी असल्याशिवाय आत जायचं नाही.

दावं खुंट्याला बांधताना एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारा. जनावर गव्हाणीत मान अडकवून पडलं तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. गोठ्यात एक धारदार विळा हाताला येईल अशा ठरलेल्या जागी टांगलेला असू द्या.

पहाटेची फेरी

धारेला बसण्याआधी, शेणाला हात लावण्याआधी, बॅटरी घेऊन एक चक्कर मारायची. दहा मिनिटं लागतात. दिवसभरातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच, आणि घाई झाली की पहिली गळतात तीही हीच.

काय बघायचं? बसलेल्या जनावरांतली निम्म्याहून जास्त रवंथ करत असली पाहिजेत. एखादी कान पाडून, गव्हाणीकडे पाठ करून उभी असेल तर थांबा. गव्हाणीत कालचा चारा कुणापुढे जसाच्या तसा आहे? नाकाचा शेंडा ओलसर की कोरडा? शेण बघा: गाईचं शेण पडल्यावर पोळीसारखा थर धरतं. पाण्यासारखं वाहत असेल, गोळ्या-गोळ्यांचं असेल, त्यात न पचलेला मका दिसत असेल तर प्रत्येकाचा अर्थ निराळा, पण तिन्ही वेळा मालकाला सांगायचं. मागच्या अंगाला सोट, म्हणजे चिकट स्राव, लोंबतोय का, रक्ताचा डाग आहे का? कान हातात धरून बघा, थंडगार आहे का?

शंका आली की ताप मोजायचा. थर्मामीटर गुदद्वारात, आतल्या भिंतीला टेकवून, एक-दोन मिनिटं. त्याला दोरा बांधून शेपटीला चिमटा लावा, नाहीतर आत ओढला जातो. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हशीचं थोडं कमी. पण भर दुपारी उन्हातून आलेल्या जनावराचा मोजून डॉक्टरला फोन लावू नका, सावलीत तासभर उभं करून मग मोजा. अंदाजाने "अंग गरम लागतंय" म्हणणं आणि "१०४ आहे" म्हणणं यात डॉक्टर रात्री गाडी काढतो की सकाळी, एवढा फरक आहे.

धार

आधी क्रम. पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताच्या, आणि निरोगी गाई आधी, जुन्या मग, कास सुजलेली किंवा औषध चालू असलेली सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर एकीच्या सडातली दगडी, म्हणजे कासदाह, तुमच्याच हातांनी दावणभर वाटली जाते.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली हवीत. सड धुवायचे, अख्खी कास नाही. कासेवर बादली ओतली की मळकं पाणी ओघळून नेमकं सडाच्या टोकाशी येतं. धुतल्यावर कोरडं पुसायचं, आणि एका गाईचं फडकं दुसरीला नाही. फडकी पुरत नसतील तर मालकाकडे जुन्या सुती साड्या मागा, रोज उकळून वाळवा.

पहिल्या तीन-चार धारा काळ्या बुडाच्या वाटीत घ्या. जमिनीवर नाही, तळहातावर तर अजिबात नाही. काळ्यावर गुठळी, पाण्यासारखं पातळपण, रक्ताची छटा लगेच उठून दिसते. असं दिसलं की त्या सडाचं दूध वेगळं काढायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. कासदाहात पहिले दोन दिवस हातचे गेले की सड जातो, आणि सड गेला की गाईची किंमत जाते.

धुतल्यावर मिनिटभरात गाय पान्हा सोडते, आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हणून एकदा बसलात की फोन घ्यायचा नाही, उठायचं नाही. पूर्ण मुठीने धार काढा. अंगठा आत दुमडून, पेरावर सड दाबून काढायची सवय आपल्याकडे फार आहे. जोर कमी लागतो खरा, पण सडाच्या आत इजा होते. मलाही तीच सवय होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या आधीच्या जुन्या गड्याने, माझा अंगठा चिंधीने तळहाताबाहेर बांधून ठेवला आणि आठवडाभर तशीच धार काढायला लावली. मनगट सुजलं, सवय गेली.

मशीन असेल तर दूध थांबल्यावर कप लावून ठेवू नका. "शेवटचं पाव लिटर" काढायच्या नादात सडाची टोकं फुटतात. कपांच्या आतल्या रबरी नळ्या साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायच्या असतात. वीस गाई, दोन वेळा आणि मशीनला दोन युनिटं धरली तर तो आकडा चार महिन्यांत गाठला जातो. बहुतेक गोठ्यांवर त्या वर्षानुवर्षं चालतात.

धार झाल्यावर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढे वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो. तोवर ती खात उभी राहिली पाहिजे. लगेच शेणात बसली तर आधीची सगळी मेहनत वाया.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पान्हा सोडत नाही म्हणून रोज इंजेक्शन टोचायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. दूध वाढवण्यासाठी असं टोचणं १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सुई तुमच्या हातात असते. तसंच, गाईला प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाता कामा नये. त्या गाईच्या शेपटीला लाल चिंधी बांधा, म्हणजे बदली माणसाकडूनही चूक होत नाही.

वैरण, खुराक आणि पाणी

पाणी आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. पंधरा-वीस लिटर देणारी गाय दिवसाला साठ-ऐंशी लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. "सकाळ-संध्याकाळ पाणी दाखवतो" ही पद्धत बैलजोडीच्या काळात चालून गेली, आता दुधातून वजा होते. हौद कायम भरलेला आणि आतून चुना लावलेला असावा. शेवाळाचा हिरवा थर दिसला की घासायला घ्या. त्या हौदातलं पाणी तुम्ही प्याल का, असं स्वतःला विचारा.

आता चारा. पंधरा लिटर दूध देणाऱ्या, साडेचारशे किलोच्या गाईचा ढोबळ हिशेब: हिरवा चारा किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) मिळून २० ते २५ किलो, कडब्याची कुट्टी ५ ते ६ किलो. खुराक अंगासाठी एक-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक, कारण तिच्या दुधात फॅट जास्त. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, रोज. नेमका आकडा मालक आणि डॉक्टर ठरवतील. तुमचं काम तो सगळ्यांना सारख्या मापाने नव्हे, ज्याच्या-त्याच्या मापाने मिळतोय हे बघणं. खुराकाच्या पोत्यात 'घमेलं' हे माप असेल तर एकदा ते घमेलं काट्यावर ठेवून बघा. आमच्याकडे दोन घमेली होती, आणि त्यांत दीड किलोचा फरक निघाला. वर्षभर अर्ध्या गाई जास्त खात होत्या आणि अर्ध्या कमी, आणि आम्ही जातीला दोष देत होतो.

चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा. गाय खाते, पण पचवतात ते तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू, आणि त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. एकदम धान्य, पीठ, शिळा भात, लग्नातलं उरलेलं अन्न पोटात गेलं की आम्ल वाढून गाय आडवी होते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी खाऊ घाला, एक-दोन. घरोघरची प्रेमाची पाटी त्याच्यापुढे रिकामी झाली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दारात रांग ठरलेली.

उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून गळीत हंगामात तेवढंच टाकलं जातं. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. मिसळून द्या आणि खनिज मिश्रण चुकवू नका. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे तर जनावराच्या तोंडाशी येऊच देऊ नका. त्यात सायनाइडसारखं विष असतं आणि जनावर तासाभरात जातं. गावाकडे याला किराळ लागणं म्हणतात. ओला लसूणघास उपाशी पोटी भरपूर दिला की पोट फुगतं, त्याआधी कुट्टी टाकायची.

कुट्टीत तार, खिळा, बांधणीचं सुतळीचं वेटोळं येतं. गाय चावून-निवडून खात नाही, थेट गिळते. गिळलेली तार पोटातून पुढे सरकत हृदयापर्यंत जाते. गव्हाणीत टाकताना हाताने पसरायची सवय लावा.

आणि कुट्टी मशीन: लांब बाही, पदर, गळ्यातला टॉवेल, हातातलं कडं, काही नको. अडकलेली वैरण मशीन चालू ठेवून हाताने ढकलायची नाही, आधी बटण बंद. मशीनशेजारी एकट्याने काम करू नका. एवढ्या तीन ओळी पाळल्या गेल्या असत्या तर आमच्या पंचक्रोशीत निदान दोन माणसांचे हात शाबूत असते.

शेण

दिवसातून दोनदा-तीनदा काढायचं, मुक्त गोठ्यात पाणी पिण्याच्या जागेभोवती जास्त वेळा. त्यात शिकण्यासारखं फार नाही, फक्त एक: गोबरगॅसच्या टाकीत किंवा स्लरीच्या बंद खड्ड्यात काही पडलं म्हणून कधीही उतरू नका. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

गोठ्याच्या भिंतींच्या भेगा मात्र लक्ष देऊन बुजवा. गोचीड जनावराच्या अंगावर दिसतात त्याहून किती तरी पट जास्त भिंतीत आणि जमिनीत असतात. नुसतं अंगावर औषध मारून ते संपत नाहीत. संकरित गाईला गोचीड-तापाने ताप चढतो, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी होते, आणि उशीर झाला तर गाय हाती लागत नाही. अंगावरचा गोचीड बोटांनी चिरडू नका, रॉकेलच्या डबीत टाका.

माज ओळखणं

माज, म्हणजे गाय गाभण राहायला तयार झाल्याची वेळ, ओळखणाऱ्या गड्याला मालक सोडत नाही, कारण चुकलेला एक माज म्हणजे एकवीस दिवसांचा खर्च. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते, आणि माज बारा ते अठरा तास टिकतो. खूण एकच पक्की धरा: दुसरी तिच्यावर चढते आणि ही शांत उभी राहते. चढणारी माजावर असेलच असं नाही. बाकी हंबरणं, दूध अचानक कमी होणं, वारंवार मुतणं, मागच्या अंगाला काचेसारखा स्वच्छ चिकट सोट. सोट पांढरट किंवा पुवासारखा असेल तर तो माज नाही, गर्भाशयाचा आजार आहे.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यात, आणि तो रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतो. म्हणून झोपण्याआधीची बॅटरीची एक फेरी तिच्या नावाने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाच्या तारखेपासून एकवीस दिवस मोजून गोल करून ठेवा. त्या दिवशी तुमची नजर आपोआप तिकडे जाते.

व्यायची रात्र

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हे पाठच असू द्या. व्यायच्या दोन महिने आधी गाय आटवायची, म्हणजे धार काढणं बंद करायचं. मालक "अजून चार लिटर देतेय की" म्हणेल. त्या चार लिटरची वसुली पुढच्या वेतात होते, वासराच्या वजनातून आणि गाईच्या हाडांतून.

दिवस भरत आले की शेपटीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे खोल होतात, कास ताणते, सडांना मेणासारखी चकाकी येते. तिला वेगळ्या, कोरड्या, भरपूर पाचट अंथरलेल्या जागी घ्या आणि मग लांब बसा. गर्दी, बॅटरीचा झोत, "आता येईल, आता येईल" म्हणणारे चार जण, याने कळा थांबतात.

पाणमोट फुटल्यावर दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं की सरळ आहे. खुरांचे तळवे आभाळाकडे असतील, एकच पाय दिसत असेल, शेपूट आधी आली असेल, किंवा पाणमोट फुटून तास-दीड तास झाला आणि काहीच पुढे सरकत नसेल, तर हात न घालता डॉक्टरला फोन. ओढायची वेळ आलीच तर कळ येईल तेव्हाच, दोन माणसांच्या जोराने, गाईच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने खाली. ट्रॅक्टरला दोर बांधलेला मी एकदा पाहिलाय. ते इथे लिहवत नाही.

वासरू पडलं की नाकातोंडातला चिकटा काढा, काडीने नाकपुडीत गुदगुल्या करा, शिंकलं की श्वास सुरू. मग गाईला चाटू द्या. नाळ दोन-तीन इंच ठेवून, उकळलेल्या दोऱ्याने बांधून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, नुसता बोळा फिरवू नका.

यापुढच्या गोष्टीवर मालकाशी, त्याच्या आईशी, कधी अख्ख्या गावाशी वाद होईल. वार (वासरामागून पडणारं आवरण) पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पाजायचा नाही, अशी रीत पुष्कळ घरांत आहे. ती मोडा. वासराला रोगाशी लढायची ताकद आईच्या रक्तातून मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत दिवसभरात संपते. पहिल्या तास-दोन तासांत दोन लिटर चीक पोटात जायलाच हवा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. पाजण्याने वार पडायला मदतच होते. उरलेल्याचा खरवस खुशाल करा, वेलदोडा-जायफळ घालून. पण गंज घेऊन आलेल्या शेजारणीला आधी नाही, वासराला आधी.

वार आठ-बारा तासांत पडते. पडली नाही तर तिला वीट-दगड बांधू नका, ओढू नका, डॉक्टर बोलवा. पडली तर लगेच उचला, गाय खाते. आणि पुढचे तीन दिवस जास्त दुधाच्या गाईवर डोळा ठेवा: ती बसून राहिली, मान वळवून बरगडीवर टाकली, कान गार पडले, तर तो दुग्धज्वर. नाव ज्वर असलं तरी अंग थंड पडतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. शिरेतून कॅल्शियम मिळालं की मेलेली वाटणारी गाय अर्ध्या तासात उठून वैरण ओढते. पण ते डॉक्टरनेच, हळूहळू द्यायचं. भराभर दिलं तर हृदय थांबतं.

आजारात काय करायचं, काय नाही

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२, गोठ्याच्या दारावर रंगवून ठेवा. फोनवर पाच गोष्टी सांगा: ताप किती, शेवटचं कधी खाल्लं, रवंथ आहे का, शेण-लघवी कशी, व्यायला किंवा गाभण राहून किती दिवस झाले.

पोट डावीकडे ढोलासारखं फुगलं तर पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, तोंडात आडवी काडी बांधा म्हणजे ती चघळत राहते, आणि डॉक्टरला बोलवा. धापा टाकणाऱ्या किंवा आडव्या पडलेल्या जनावराला बाटलीने काहीही पाजू नका. जीभ बाहेर ओढून, मान वर करून पाजलेलं तेल-ताक थेट फुफ्फुसात जातं. पोटफुगीने मेली म्हणतात त्यांतल्या कित्येक गाई खरं तर या पाजण्याने मेलेल्या असतात. सुई टोचणं तुम्हाला जमत असलं तरी उपचार ठरवणं नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. त्याने सांगितलेलं वेळेवर देणं तुमचं.

लसी: लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी दरवर्षी. २०२२ मध्ये राज्यात लम्पीची साथ आली तेव्हा लस टोचून घ्यायला नको म्हणणारे नंतर टोचणाऱ्यांची वाट बघत उभे होते. गर्भपाताच्या ब्रुसेला रोगाची लस फक्त कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच.

तुमचं स्वतःचं अंग

ब्रुसेला माणसालाही होतो. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली तर तो गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर कोपरापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या, खोल खड्डा, वर चुना. धारोष्ण दुधाची चव मलाही ठाऊक आहे, पण गोठ्यावर काम करणाऱ्याने दूध उकळूनच प्यावं. ताप येतो-जातो, रात्री घाम, कंबर-सांधे दुखतात असं महिनाभर चाललं तर दवाखान्यात "मी जनावरांत काम करतो" हे आधी सांगा. नाहीतर मलेरिया-टायफॉइडच्या गोळ्यांतच महिने जातात.

रेबीजबद्दल जरा थांबून वाचा. गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरतेय. सगळे म्हणतात घशात काहीतरी अडकलंय, आणि गडी हात घालतो. हीच लक्षणं पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाईची असतात. अशा जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही. गेलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालेलं असू द्या.

सुट्टीवर जाताना

बदली माणसाला तोंडी सांगून जाऊ नका. दावणीच्या भिंतीवर प्रत्येक जनावराच्या डोक्यावर खडूने लिहा: खुराक किती, धार कितवी, लाथ मारते का, औषध चालू आहे का. व्यायला आलेली कुठली, माजाची तारीख कुणाची जवळ आली. खाली डॉक्टरचा नंबर. निघायच्या आधीची संध्याकाळची धार त्याला तुमच्यासमोर काढू द्या, म्हणजे गाईंना तो नवा वाटत नाही आणि त्याचा अंगठा कुठे असतो तेही दिसतं. वासरांची दूध पाजायची बाटली कुठे ठेवली तेही लिहा. मी ते एकदा विसरलो. मेहुण्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, जिलबीचा दुसरा आग्रह चालू होता आणि फोन आला. पलीकडे बदली गडी, आणि त्याच्या मागून सहा वासरं एकदम ओरडत होती.